घर सभासदाचे, इमारत संस्थेची : गृहनिर्माण संस्थेच्या नियमांमागचा शंभर वर्षांचा इतिहास

१/ मुंबई-पुण्याच्या बहुतेक इमारतींत तळमजल्यावर, लिफ्टच्या शेजारी, काचेच्या पेटीत एक सूचना लावलेली असते. गच्चीवर कपडे वाळत घालू नयेत. भाडेकरू ठेवण्यापूर्वी समितीस कळवावे. पाहुण्यांची वाहने आवाराबाहेर लावावीत. खाली सचिवांची सही आणि संस्थेचा गोल शिक्का. ती वाचणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न उमटतो : वीस वर्षांचे कर्ज काढून घर घेतले ते आपण, मग त्यात कसे राहावे हे सांगणारी ही समिती कोण?

२/ हा प्रश्न केवळ शेजाऱ्यांच्या स्वभावाचा नाही. त्याची मुळे कायद्याच्या इतिहासात आहेत. घर घेणारा स्वतःला मालक समजतो, तर कायदा त्याला प्रथम 'सभासद' समजतो. या दोन शब्दांमधले अंतर कसे निर्माण झाले, याचा हा धागा.

३/ आरंभ चाळीपासून करावा लागतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि दाटीवाटीच्या वस्त्यांचा प्रश्न सरकारला टाळता येईना. १८९८ मध्ये बॉम्बे इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडल्या, रस्ते काढले, नव्या जागा आखल्या. गिरणगावातला कामगार मात्र चाळीतच राहिला. तेथे एक मालक, अनेक भाडेकरू आणि मजल्यामागे सामाईक नळ व संडास अशी रचना होती. नियम मालकाचे असत आणि भांडणही मालकाशीच असे.

४/ कारकून, शिक्षक, लहान अधिकारी अशा नव्या मध्यमवर्गाला चाळ नको होती आणि बंगला परवडत नव्हता. या पेचातून वाट काढणाऱ्यांत अग्रणी होते रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. उत्तर कानड्यातून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या चित्रापूर सारस्वत समाजाचे ते कार्यकर्ते. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याचा आधार घेऊन त्यांनी १९०६ मध्ये आपल्या गुरूंच्या नावाने शामराव विठ्ठल सहकारी पतपेढी सुरू केली होती.

५/ १९०४ चा कायदा केवळ पतसंस्थांपुरता होता. घरे बांधण्यासाठी सहकारी संस्था काढण्याची मुभा त्यात नव्हती. १९१२ च्या नव्या कायद्याने पतपुरवठ्यापलीकडच्या संस्थांना दार उघडले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१५ मध्ये, मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. देशातील आद्य गृहनिर्माण संस्थांमध्ये तिची गणना होते.

६/ या संस्थांपुढचा नमुना इंग्लंडचा होता. १९०१ मध्ये लंडनलगतच्या ईलिंग येथे काही कामगारांनी 'ईलिंग टेनंट्स' ही संस्था काढली होती. हेन्री व्हिव्हियन हे त्यामागचे प्रमुख नाव. कल्पना साधी होती. जमीन आणि घरे संस्थेची. राहणारा तिचा भागधारकही आणि तिचाच भाडेकरूही. एकटा कोणीही मालक नाही. सर्व मिळून मालक. या पद्धतीला 'भाडेकरू सहभागीदारी' असे नाव पडले.

७/ येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. या व्यवस्थेत नियम करणारा आणि नियम पाळणारा हा एकच माणूस असतो. चाळीत मालकाने पाणी तोडले तर भाडेकरू एकत्र येत. संस्थेत पाण्याची वेळ ठरवणारे सचिव समोरच्या दारात राहतात, त्यांची मुले आपल्या मुलांबरोबर खेळतात. सत्ता शेजारी आली. त्यामुळे भांडणही शेजारी आले.

८/ दुसरा बदल बांधकामाचा होता. स्वयंपूर्ण सदनिकेत न्हाणीघर आणि शौचालय घराच्या आत आले. मध्यमवर्गीय हिंदू कुटुंबांच्या सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांना हा मोठा धक्का होता आणि तो हळूहळू पचला. पण त्याचबरोबर वरच्या घराचे सांडपाणी खालच्या घराच्या छतालगतच्या नळातून वाहू लागले. आज संस्थांतल्या तक्रारींत गळती नेहमी आघाडीवर असते. तिचे बीज या सोयीतच पेरले गेले होते.

९/ १९२५ मध्ये मुंबई इलाख्याने स्वतःचा सहकारी संस्था कायदा केला. पुढे राज्यनिर्मितीनंतर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आला आणि त्याखाली १९६१ चे नियम झाले. या नियमांनी गृहनिर्माण संस्थांचे प्रकार पाडले. 'भाडेकरू मालकी' संस्थेत जमीन संस्थेची आणि घर सभासदाचे. 'भाडेकरू सहभागीदारी' संस्थेत जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेची. सभासदाला सदनिका केवळ वाटून दिलेली. शहरातल्या बहुमजली इमारती साधारणतः या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

१०/ मग 'मालकी हक्काचा फ्लॅट' हा शब्द कोठून आला? त्याचे एक कारण भाडे नियंत्रण. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. भाडेकरूला काढणे दुरापास्त झाले. भाड्यासाठी इमारत बांधण्यातला नफा ओसरला. जुन्या घरांत पागडी रुजली आणि नव्या इमारती विकण्यासाठी बांधल्या जाऊ लागल्या. घर 'घेणारा' ग्राहक असा जन्माला आला.

११/ या बाजारात फसवणूकही आली. त्यावर उपाय म्हणून महाराष्ट्राने १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा केला. तोच 'मोफा'. ठरलेल्या रकमेपलीकडे आगाऊ पैसे घेण्यापूर्वी नोंदणीकृत करार करण्याचे बंधन बिल्डरवर आले. पुरेशी घरे विकली गेली की खरेदीदारांची संस्था स्थापन करावी आणि जमीन व इमारत त्या संस्थेच्या नावे करून द्यावी, असेही कायद्याने सांगितले.

१२/ विसंगती नेमकी येथे आहे. कायद्याच्या नावात 'मालकी हक्क'. कायद्याची अखेर मात्र संस्थेच्या मालकीत. करारावर सही करताना ग्राहकाला वाटते की आपण घर विकत घेतले. पुढे त्याच्या हाती येतो भाग दाखला, म्हणजे संस्थेतल्या समभागांचा पुरावा. अनेक बिल्डरांनी तर संस्थेच्या नावे अभिहस्तांतरणही केले नाही. २००८ मध्ये 'मानीव अभिहस्तांतरणा'ची तरतूद करावी लागली ती त्यामुळेच. घर ग्राहकाच्या ताब्यात, इमारतीची देखभाल संस्थेकडे आणि जमिनीचा कागद बिल्डरकडे, अशी तिहेरी अवस्था कित्येक इमारतींनी वर्षानुवर्षे अनुभवली.

१३/ सभासदाचा हक्क म्हणजे नेमके काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कर्जवसुलीसाठी मुंबईतल्या एका सहभागीदारी संस्थेतील सदनिका जप्त करता येईल का, असा तो वाद होता. इमारत संस्थेची असेल तर सभासदाकडे जप्त करण्याजोगे आहे तरी काय? १९७५ मध्ये न्यायालयाने सांगितले की सदनिकेत राहण्याचा हक्क हीदेखील एक मालमत्ताच आहे. ती जप्त होऊ शकते आणि विकलीही जाऊ शकते. सभासद अर्धा मालक ठरला. उरलेला अर्धा भाग उपविधींच्या हाती राहिला.

१४/ समितीचा सर्वाधिक जाचक वाटणारा नियम भाडेकरूंविषयीचा. त्यामागेही इतिहास आहे. १९७३ मध्ये भाडे कायद्यात दुरुस्ती झाली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेच्या ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. अकरा महिन्यांसाठी आलेला माणूस कायमचा राहू शकतो, ही धास्ती घरमालकांच्या आणि समित्यांच्या मनात घर करून बसली. २००० साली अमलात आलेल्या नव्या भाडे नियंत्रण कायद्याने मुदत संपलेल्या परवानाधारकाकडून जागा परत घेण्याची वाट सोपी केली. धास्तीचे कारण सरले, पण चौकशीची सवय उरली.

१५/ या सवयीला उत्पन्नाची जोड मिळाली. घर भाड्याने देणाऱ्या सभासदाकडून संस्था 'बिनभोगवटा शुल्क' घेऊ लागल्या, आणि ते मनमानी पद्धतीने वाढत गेले. ऑगस्ट २००१ मध्ये राज्य सरकारने निर्देश काढून हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर रोखले. काही संस्थांनी त्यास आव्हान दिले. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मर्यादा कायम ठेवली. घर विकताना घेतल्या जाणाऱ्या हस्तांतर अधिमूल्यालाही महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांची कमाल मर्यादा याच सुमारास घातली गेली. आजही 'इमारत निधीला स्वेच्छेने देणगी' या नावाखाली जादा रक्कम मागितल्याच्या तक्रारी ऐकू येतात.

१६/ वाहनतळाचा वाद तुलनेने नवा. जुन्या इमारती बांधल्या गेल्या तेव्हा दारात मोटार असणे ही अपवादाची गोष्ट होती. पुढे बिल्डर खांबांमधली मोकळी जागा 'गॅरेज' म्हणून वेगळी विकू लागले. २०१० मध्ये दहिसरच्या एका संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अशी जागा सामाईक असते. बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. वाटपाचा अधिकार संस्थेकडे आला. बिल्डरशी असलेले भांडण त्यामुळे सभासदांच्या आपसातल्या भांडणात बदलले.

१७/ या इतिहासाची सर्वांत काळी बाजू प्रवेशाच्या प्रश्नात दिसते. आरंभीच्या अनेक संस्था एकेका समाजाच्या होत्या. अनोळखी शहरात परस्परांवर विश्वास ठेवून पैसे एकत्र करायचे तर ओळखीची माणसे लागत. ते त्या काळाचे बळ होते. पण तीच ओळख पुढे कुंपण झाली. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेचा उपविधी सभासदत्व पारशी समाजापुरते मर्यादित ठेवत होता. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. संस्थेत सामील होणारा तिचे उपविधी मान्य करूनच येतो, असा त्या निकालाचा आशय होता.

१८/ त्या निकालाचा आधार नोंदणीकृत, लिखित उपविधी हा होता. मुंबईत आज मांसाहार करणाऱ्यांना, मुस्लिम कुटुंबांना, एकट्या राहणाऱ्या स्त्रियांना घर नाकारल्याच्या ज्या तक्रारी होतात, त्यांच्या मागे बहुधा कोणताही लिखित नियम नसतो. 'आमच्या इमारतीत चालत नाही' एवढेच तोंडी उत्तर मिळते. महाराष्ट्राचा सहकार कायदा तर सांगतो की पुरेशा कारणाशिवाय पात्र व्यक्तीला सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारल्यास निबंधकाकडे दाद मागता येते. पण भाड्याने घर शोधणाऱ्याला ही वाट उपलब्ध नसते. तो सभासद नसतोच. संस्थेच्या कागदावर त्याचा आवाज नसतो. चाळीतल्या भाडेकरूला भाडे कायद्याचे कवच तरी होते. संस्थेतला भाडेकरू त्याहून एकाकी आहे.

१९/ समितीची बाजूही नोंदवली पाहिजे. तिचे सदस्य बहुधा निवृत्त किंवा नोकरी सांभाळून काम करणारे असतात. हिशेब, लेखापरीक्षण, लिफ्टचा करार, टाकीची सफाई, थकबाकीची पत्रे ही सर्व कामे ते करतात. समितीच्या निर्णयांची संयुक्त व वैयक्तिक जबाबदारी स्वीकारणारे 'एम-२०' नमुन्यातले बंधपत्र त्यांना लिहून द्यावे लागे. शिव्या खाणारे पद आणि वर कायदेशीर जबाबदारी, त्यामुळे निवडणुकीत उमेदवार मिळत नाहीत. मग तीच चार माणसे वर्षानुवर्षे राहतात, आणि सेवा हळूहळू हुकमतीत बदलते.

२०/ या सर्वांना पर्याय म्हणून १९७० मध्ये महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम आला. त्यात सदनिका खरोखरच व्यक्तीच्या मालकीची आणि सामाईक भागात तिचा अविभक्त हिस्सा. पुण्यात 'सोसायटी' आणि 'अपार्टमेंट' असा जो भेद लोक करतात तो यातून आला. पण तेथेही असोसिएशन आहे, घोषणापत्र आहे, उपविधी आहेत. मालकीचा कागद बदलला तरी जिना, गच्ची आणि सांडपाण्याचा नळ सामाईकच राहतात. एकमेकांच्या डोक्यावर आणि पायाखाली राहणाऱ्यांना काही समाईक नियमांवाचून गत्यंतर नाही.

२१/ प्रश्न उरतो तो नियम कोण करतो याचा. उपविधी बदलण्याचा अधिकार समितीला नाही. तो सर्वसाधारण सभेचा आहे आणि त्यासाठी दोन तृतीयांश मतांची गरज असते. सभेची गणपूर्ती मात्र आदर्श उपविधींनुसार दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. दोनशे घरांच्या संकुलात वीस माणसे पुरतात. तेवढीही जमली नाहीत तर अर्धा तास थांबून सभा तहकूब होते आणि पुन्हा भरते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते.

२२/ गावदेवीच्या पिढीने घरमालकाच्या जागी सभासदांची सभा बसवली. राहणाऱ्यानेच कारभार करावा, ही त्यामागची अपेक्षा होती. आज सप्टेंबरातल्या एखाद्या रविवारी सकाळी वार्षिक सभेसाठी तळमजल्यावर खुर्च्या मांडल्या जातात आणि त्यांतल्या बहुतेक रिकाम्या राहतात. काचेच्या पेटीतली सूचना वाचून वर्षभर चिडणारा सभासद त्या दिवशी घरातच असतो. नियम मग खाली बसलेली माणसे करतात, आणि ते त्याच्यासाठीही असतात.