छोटी गाडी, मोठा घाट

विरारहून मुंबईला जाणारी पहिली गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली. त्याच वाटेने आपण वसई-विरारकर आजही पोटासाठी धावतो. तेव्हा आगगाडीचे आपल्याला नवल ते काय! तरीही पुण्याचे छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय पाहताना मी लहान मूल झालो. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून ते उभारले. १९९८ साली ते लोकांसाठी खुले झाले. गाडी बोगद्यातून बाहेर आली आणि मी टाळ्या पिटल्या.

बरोबर आमच्या युनियनमधले एक निवृत्त गँगमन होते. ते हळूच म्हणाले, “दादा, यात खडी ठोकणारा कुठाय?”

या प्रश्नाचे उत्तर बोरघाटात आहे. तेथील २५ बोगद्यांचा मार्ग १८५६ ते १८६३ या काळात झाला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली वारला. पत्नी ॲलिसने ठेका पुरा करविला. ही नावे इतिहासात आहेत. पटकीने आणि अपघातांनी मेलेल्या हजारो मजुरांची नावे मात्र कोणी टिपली नाहीत.

दोष संग्रहालयाचा नव्हे. मुलांना ती गाडी जरूर दाखवा. पण परतताना घाटातल्या त्या माणसांची गोष्ट सांगायला विसरू नका.