लोखंडी नांगर आणि आमच्या गोठ्यातले चाक

औंधचा इतिहास म्हटला की यमाई, वस्तुसंग्रहालय आणि सूर्यनमस्कार एवढे आपण पाहुण्यांना भराभर सांगून टाकतो. चिटणीसबाईंनी यंदा मला लेख मागितला तेव्हा ठरवले, की या खेपेस दोन साध्या वस्तूंविषयी लिहावे : एक नांगर, आणि एक कडबा तोडण्याचे यंत्र. भगिनींनी कंटाळू नये; यांतील दुसरी वस्तू आपल्याच हातांतली आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. बढतीत डावलले गेल्यावर ती नोकरी सोडून ते बेळगावी आले. तेथे त्यांचे सायकलींचे दुकान होते. पुढे त्याच गावी कडबा तोडण्याची यंत्रे व लोखंडी नांगर घडू लागले. जुना लाकडी नांगर माती चिरतो, पण उलथीत नाही. हराळीची मुळे खाली तशीच राहतात. लोखंडी नांगर ढेकूळ पालथे घालतो. एवढा उघड फायदा असूनही लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकरी म्हणत, आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. या समजुतीला आज हसणे सोपे आहे. मला मात्र हसू येत नाही. ज्याच्या घरची वर्षाची भाकरी एका शेतावर, त्याने परक्या वस्तूची धास्ती घेतली तर नवल काय? नांगर एक वेळ परत करता येईल, बुडालेला हंगाम कोण परत देणार?

पुढे बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. त्या वेळी औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. आपले संस्थान सलग नव्हते, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले होते. त्यांतल्या कुंडलच्या तुकड्यात, कुंडल रोड स्टेशनाजवळ, बत्तीस एकर माळ त्यांनी दिला व दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. माळ कसला, निवडुंग आणि सापांचे राज्य! तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि मागाहून स्टेशनानेही तेच नाव घेतले. वीस वर्षांनी, १९३० साली, याच कारखान्याच्या गावातून ‘स्त्री’ मासिक निघाले. पण एका राजाच्या मर्जीवर एवढे सगळे उभे राहावे, हे मला थोडे खटकतेच. मर्जी फिरली असती तर?

बहुधा हे बाळासाहेबांनाही उमगले असावे. १९३९ साली त्यांनी राज्यकारभार रयतेच्या हाती सोपविला. त्या घटनेच्या कामी गांधीजींचा सल्ला होता, आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनियराचे साहाय्य होते. हे गृहस्थ बंगळूरचा विजेचा कारखाना सोडून आले होते, आणि सूत काढण्याची धनुष्य तकली त्यांच्याच डोक्यातून निघाली. सुताराने गावात घडवावी इतकी ती साधी. एकाच संस्थानात नांगराचा कारखाना आणि ही तकली, दोन्ही नांदली.

आता आमचे घर. आजोबांनी लोखंडी नांगर घेतला तो शेजाऱ्याचे पीक पाहून. घरात कुणाला विचारले नाही. कडबा मात्र आजी ओंडक्यावर कोयत्याने तोडत राहिली. जनावरे पाच, आणि कोयता एकच. एका पावसाळ्यात तिच्या डाव्या तर्जनीचे पेर गेले. तरीही यंत्राचे नाव काढले की उत्तर ठरलेले : “बायकांच्या कामाला यंत्र कशाला?” नांगराला दोन वर्षे लागली ती भीतीमुळे. आमच्या यंत्राला त्याहून किती तरी जास्त लागली, आणि त्यात भीतीचा काही संबंध नव्हता.

अखेर आजीने तुपाचे पैसे साठवून ते आणविले. ती पेंढी सरकवी आणि मी चाक फिरवी. आजोबा दारात उभे राहून पाहत. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “सरक गं पोरी, जरा मला फिरवू दे.” आजीने मान वर केली नाही, फक्त पेंढी पुढे सरकवली.

गोठा आता रिकामा आहे. चाक तेथेच आहे, आणि त्याची मूठ हातांनी घासून एका बाजूने पातळ झाली आहे.