विंचवाचं विष आणि किलोचा हिशोब

तुराट्या-पऱ्हाटीच्या ढिगात हात घालताना विंचवाची धास्ती उंद्रीत काय, कुठल्याही गावात असतेच. पण लाल विंचू चावलेली लेकरं वाचायला कशी लागली, ते आज ऐकूया.

1976 साली आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले डॉ. हिम्मतराव बावस्कर कोकणात महाडजवळ, बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे विंचू चावलेली धडधाकट माणसं दगावत होती. डॉक्टरांनी रुग्णांजवळ बसून घाम, नाडी, रक्तदाब यांच्या नोंदी ठेवल्या. 1982 साली त्या ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. या विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरतं. म्हणून त्यांनी वाहिन्या सैल करणारी औषधं वापरली: सलाईनमधून सोडियम नायट्रोप्रुसाइड, आणि पुढे प्रॅझोसिनची साधी गोळी. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासोबत लिहिलेला प्रॅझोसिनवरचा लेख 1986 साली आला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा 30 ते 40 जण जात. ते प्रमाण 1 ते 3 वर आलं.

पण ही औषधं सगळ्यांना सारखी देता येत नाहीत. मुलांना प्रॅझोसिन किलोमागे 30 मायक्रोग्रॅम देतात. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. औषध कमी पडलं तर विष वरचढ ठरतं, जास्त झालं तर रक्तदाब कोसळतो.

हृदय थकलं तर डोब्युटामिन शिरेतून सोडतात. समजा, डॉक्टर म्हणाले, ‘किलोला मिनिटाला 5 मायक्रोग्रॅम.’ मूल 20 किलोचं. सिस्टर हिशोब करतात: 20 गुणिले 5, म्हणजे मिनिटाला 100. तासाला 6000 मायक्रोग्रॅम, म्हणजे 6 मिलिग्रॅम. एका मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम औषध मिसळलं असेल, तर तासाला 6 मिलिलिटर. पंप नसेल तर बारीक थेंबाचा सेट लावतात. त्याचे 60 थेंब म्हणजे 1 मिलिलिटर, म्हणून मिनिटाला बरोबर 6 थेंब. वजन अंदाजाने 30 किलो धरलं, तर तेच औषध दीडपट जाईल.

म्हणून बायांनो, लेकराला विंचू चावला तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. मुलांचं वजन अंगणवाडीत किंवा शाळेत वेळोवेळी करून घ्या आणि लक्षात ठेवा. दवाखान्यात सिस्टरने पुन्हा वजन काट्यावर उभं करायला सांगितलं, तर कुरकुर नको. आणि सलाईन लवकर संपावं म्हणून नळीवरची चकती आपल्या हाताने कधीच फिरवू नका. त्या थेंबांमागे सिस्टरने आपल्याच लेकराच्या वजनाचा हिशोब केलेला असतो.