संदेश कुठे अडला? जाळ्यातील बिघाड शोधण्याचा इतिहास

एखाद्या हौशी विद्यार्थ्याने घरच्या संगणकावर छोटीशी वेबसाइट तयार केली, तो संगणक इंटरनेटला जोडला आणि घरातल्याच दुसऱ्या संगणकावर तिचे नाव टाइप केले. पडद्यावर काहीच आले नाही. तीच वेबसाइट मित्राच्या घरून मात्र व्यवस्थित दिसते! अशा वेळी बहुतेक जण राउटर बंद करून पुन्हा चालू करतात किंवा सेवा देणाऱ्या कंपनीला दोष देतात. या उपायांनी कधी काम होतेही, पण बिघाड नेमका कशात होता हे कळत नाही. संगणकांच्या जाळ्यात बिघाड शोधण्याची साधने हळूहळू घडत गेली आणि प्रत्येक साधनामागे कोणाची तरी खरी अडचण होती. हा इतिहास पाहिला, की तपासणीचा क्रमही आपोआप लक्षात येतो.

पहिल्याच दिवशी बिघाड

इंटरनेटचे पूर्वज असलेल्या आर्पानेटवरचा पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पाठवण्यात आला. 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. 'एल' आणि 'ओ' ही दोन अक्षरे पोचली आणि यंत्रणा कोसळली. सुमारे तासाभराने प्रयत्न यशस्वी झाला. कोणते अक्षर पोचले हे कसे कळले? दोन्ही टोकांची माणसे त्याच वेळी दूरध्वनीवर बोलत होती म्हणून! ज्या मार्गाची परीक्षा घ्यायची, त्याहून वेगळ्या मार्गाने निकाल पडताळावा, हा धडा पहिल्याच दिवशी मिळाला.

तो विसरला तर काय होते, हे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी दिसले. फेसबुकच्या जाळ्यात एका चुकीच्या आज्ञेमुळे बिघाड झाला आणि सेवा सुमारे सहा तास बंद पडली. दुरुस्तीची अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने अभियंत्यांचे काम अधिकच अवघड झाले. आपल्या विद्यार्थ्याकडे असा वेगळा मार्ग असतो. मोबाइलचे वाय-फाय बंद करून मोबाइल कंपनीच्या इंटरनेटवरून वेबसाइट उघडून पाहणे, ही पहिली परीक्षा.

नाव आणि पत्ता

माणसे नावे लक्षात ठेवतात, यंत्रांना मात्र आकड्यांचा पत्ता लागतो. आर्पानेटच्या काळात सर्व संगणकांची नावे व पत्ते एकाच यादीत असत. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखालील माहिती केंद्र ही यादी सांभाळी आणि इतर ठिकाणचे संगणक तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तशी यादी लांबत गेली, आणि प्रत जुनी झाली की पत्ता चुके.

१९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी यावर नवी रचना सुचवली. सगळी यादी एका ठिकाणी न ठेवता तिची शाखांमध्ये विभागणी करायची आणि प्रत्येक शाखेने आपापली नावे सांभाळायची. हीच आजची 'डीएनएस' पद्धत. विचारलेले उत्तर काही काळ साठवून ठेवायचे, म्हणजे तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागत नाही, अशी सोयही तिच्यात आहे. पण या सोयीमुळेच पत्ता बदलल्यावर काही जणांना नवा, तर काहींना जुना पत्ता मिळत राहतो. घरच्या जोडणीचा पत्ता कंपनी अधूनमधून बदलत असेल, तर ही शंका आधी तपासावी. आपण टाइप केलेल्या नावाचा पत्ता कोणता मिळतो आणि तो राउटरच्या आजच्या बाहेरच्या पत्त्याशी जुळतो का, एवढेच पाहायचे.

हाक आणि प्रतिसाद

पत्ता बरोबर असला, तरी त्या पत्त्यावर कोणी आहे का? डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत माइक म्यूस यांना जाळ्याचे वागणे विचित्र वाटले. त्यांनी एका संध्याकाळीच सुमारे हजार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. तो पलीकडच्या संगणकाला हाक मारी आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजी. पाणबुड्यांचा वेध घेणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्यांनी त्याला 'पिंग' हे नाव दिले.

म्यूस यांनी ऐकलेला एक किस्सा विद्यार्थ्यांना जरूर सांगावा. एका जाळेप्रमुखाच्या इमारतीत जोडणी मधूनमधून तुटत असे. त्याने प्रत्येक उत्तराबरोबर संगणकाला 'पिंग' असे मोठ्याने बोलायला लावले, आवाज ध्वनिवर्धकावर सोडला आणि इमारतभर फिरून एकेक जोड हलवून पाहिला. ज्या जोडाला हात लावताच आवाज थांबला, तोच सैल होता!

येथे एक सावधगिरी हवी. काही संगणक सुरक्षिततेसाठी पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत. म्हणून उत्तर आले तर वाट मोकळी आहे असे म्हणता येते, पण उत्तर आले नाही एवढ्यावरून यंत्र बंद आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

वाटेतले टप्पे

ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातील वहन सेकंदाला ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर घसरले. दोहोंतील अंतर होते जेमतेम ४०० यार्ड. कारण होते गर्दी. या गर्दीचा अभ्यास करणाऱ्या व्हॅन जेकबसन यांनी पुढे स्टीव्ह डीअरिंग यांच्या सूचनेवरून 'ट्रेसरूट' हे साधन तयार केले.

त्यातील युक्ती सुंदर आहे. भरकटलेला संदेश जाळ्यात कायम फिरत राहू नये, म्हणून प्रत्येक संदेशावर एक आकडा असतो. प्रत्येक टप्प्यावरील राउटर तो एकाने कमी करतो. शून्य झाला की संदेश टाकून देतो आणि तसे पाठवणाऱ्याला कळवतो. जेकबसन यांच्या साधनाने आधी आकडा १ ठेवून संदेश पाठवला, मग २, मग ३. पहिला संदेश पहिल्या टप्प्यावर संपला, दुसरा दुसऱ्या. प्रत्येक 'मृत्यूची' वार्ता परत आली आणि त्या वार्तांतून मार्गाचा नकाशा तयार झाला.

घराचा एकच दरवाजा

आता मूळ कोड्याकडे येऊ. बाहेरून दिसणारी वेबसाइट घरातूनच का दिसत नाही?

१९८३ पासून रूढ झालेल्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी. १९९०च्या सुमारास ती अपुरी पडणार हे दिसू लागले. मे १९९४ मध्ये एगेवँग आणि फ्रान्सिस यांनी तात्पुरता उपाय म्हणून 'नॅट' ही पद्धत मांडली. घरातील सर्व संगणकांना आतले, खाजगी पत्ते द्यायचे आणि बाहेरच्या जगासाठी राउटरचा एकच पत्ता. राउटर वाड्याच्या देवडीवरील कारकुनासारखा प्रत्येक पाकिटावरचा पत्ता बदलतो. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, तेव्हा ही टंचाई सर्वज्ञात होती. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे वाटून झाले. तात्पुरता उपाय मात्र टिकला.

समजा, घरातील 'अ' संगणकाला 'ब' संगणकावरची वेबसाइट हवी आहे. 'अ' पाकीट पाठवतो राउटरच्या बाहेरच्या पत्त्यावर. राउटरने फक्त 'कोणाला' एवढेच बदलून ते 'ब'कडे दिले, तर 'ब' पाहतो की पाठवणारा घरातलाच आहे, आणि थेट उत्तर देतो. पण 'अ'ने 'ब'ला पत्र लिहिलेच नव्हते! अनोळखी पत्त्यावरून आलेले उत्तर तो टाकून देतो. राउटरने 'कोणाकडून' हेही बदलून पाकीट आत वळवले, तरच संवाद जुळतो. काही राउटर असे वळण घेतात, काही घेत नाहीत.

पडताळा सोपा आहे. 'ब'च्या आतल्या पत्त्याने वेबसाइट उघडली आणि मोबाइलच्या इंटरनेटवरूनही नावाने उघडली, तर दोष या वळणातच असण्याची दाट शक्यता. उपाय म्हणून 'अ'वरील 'होस्ट्स' नावाच्या फाइलमध्ये वेबसाइटचे नाव व आतला पत्ता लिहावा. ही फाइल म्हणजे फाइनलर यांच्या केंद्रातील जुन्या यादीचीच वंशज!

वेबसाइट बाहेरूनही उघडत नसेल, तर आणखी एक शक्यता असते. पत्ते वाचवण्यासाठी अनेक कंपन्या शेकडो घरांमागे आपला आणखी एक 'नॅट' ठेवतात. राउटरने दाखवलेला बाहेरचा पत्ता आणि जगाला दिसणारा पत्ता वेगळे असतील, तर हाच प्रकार समजावा. मग घरात कितीही खटपट केली तरी बाहेरून हाक पोचत नाही. कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा लागतो किंवा १९९५ मध्ये मांडलेल्या, प्रचंड संख्येने पत्ते असलेल्या आयपी आवृत्ती ६ चा आधार घ्यावा लागतो.

इंटरनेटच्या मूळ कल्पनेत प्रत्येक संगणक बोलू शकत होता आणि ऐकवूही शकत होता. टिम बर्नर्स-ली यांची पहिली वेबसाइटही १९९० मध्ये सर्नमधील त्यांच्या टेबलावरच्या संगणकावरच होती. पत्त्यांच्या टंचाईने बहुतेक घरे केवळ ग्राहक बनली. म्हणून घरून वेबसाइट चालवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची खटपट आपण पोरखेळ समजू नये. नाव, पत्ता, वाट आणि दरवाजा या क्रमाने, एका वेळी एकच गोष्ट बदलून आणि प्रत्येक निरीक्षण वहीत नोंदवून त्याने बिघाड शोधला, तर प्रयोगशाळेतली शिस्त तो घरीच शिकलेला असेल.