तोच चाकू

खिशातील घडीचा चाकू ही वस्तू क्षुद्र खरी. परंतु तिच्यावरून उपस्थित होणारा एक प्रश्न मात्र क्षुद्र नाही. पाते झिजले म्हणून बदलले. पुढे मूठ तडकली म्हणून तीही बदलली. आता हातात राहिला तो चाकू तोच की दुसरा? फ्रान्समध्ये हा प्रश्न ‘जानोचा चाकू’ या म्हणीच्या रूपाने लोकांच्या तोंडी बसला आहे. त्याचे उत्तर कोरड्या तर्कापेक्षा चाकूच्याच इतिहासात अधिक सुलभतेने सापडते.

पाते मुठीत मिटण्याची कल्पना फार जुनी. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे हाडाच्या मुठीचा असा चाकू सापडला असून तो ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. तथापि या वस्तूस आजचे रूप आले ते मुख्यतः इंग्लंडातील शेफील्ड नगरात. चौदाव्या शतकाच्या अखेरीस कवी चॉसर याने आपल्या कथेतील एका गिरणीवाल्याजवळ शेफील्डचीच सुरी दिली आहे. १६२४ साली तेथील सुरीकारांचा संघ पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला. प्रत्येक कारागिराची खूण संघाकडे नोंदलेली असे. एक जण पाते घडवी, दुसरा ते शाणेवर घाशी, तिसरा पाते, कमान व मूठ यांची जुळणी करी. शाणेपाशी बसणाऱ्यांच्या फुप्फुसांत दगडाची धूळ साचून त्यांपैकी कित्येक ऐन उमेदीत मरत. आपण सहज खिशात टाकतो त्या वस्तूवर असे मानवी आयुष्याचेही ऋण आहे.

आपल्याकडे या वस्तूचा संबंध लेखणीशी आला. इंग्रजीत लहान चाकूचे जे नाव आहे त्याचा अर्थच ‘लेखणीचा चाकू’ असा. कारण पिसाची लेखणी त्याने तासावी लागे. फारसीतील ‘कलमतराश’ या शब्दाचा भावही तोच. मोडी लिहिणारा कारकून बोरू वापरी. बोरूचे टोक झिजले की ते पुन्हा तासावे, मधोमध चीर द्यावी, मग लिहावयास बसावे. चाकू बोथट असला तर टोक फाटे आणि अक्षर बिघडे. जुने दस्तऐवज वाचण्याचा प्रसंग आम्हां वकिलांस वरचेवर येतो. त्यांतील सुरेख वळणामागे कोणाच्या तरी चाकूची नीट राखलेली धार होती, हे सहसा ध्यानात येत नाही.

ही धार राखणे हेच चाकूच्या मालकाचे पहिले कर्तव्य. कैरी वा लिंबू चिरल्यावर पाते तत्काळ पुसावे, कारण आंबट रस साध्या पोलादास खातो. आणि आमच्या खाऱ्या हवेत गंज चढण्यास एक रात्र पुरते. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. धार निसण्यावर पाणी घेऊन हलक्या हाताने लावावी. वेगाने फिरणाऱ्या चाकावर कोरडेच धरलेले पाते तापून निळे पडते, त्याचे ‘पाणी’ उतरते, आणि मग ती धार टिकत नाही. मूठ हलू लागल्यास जुनी खीळ काढून नवी पितळेची ठोकावी. माझ्याजवळील चाकूच्या मुठीच्या दोन्ही फाका अशाच बदललेल्या आहेत. दर खेपेस धार लावून त्याचे पातेही मुळाहून बरेच अरुंद झाले आहे. तरी तो माझा तोच चाकू, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

हा निःसंदेहपणा येतो कोठून? येथे देवालयाचे उदाहरण घेतो. तुलना वस्तूंची नव्हे, न्यायाची आहे. १५६० च्या सुमारास श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आले. स्थळ बदलले, पुढे इमारतही पुनःपुन्हा बांधली गेली. तथापि देव दुसरा झाला असे कोणा महाजनाने मानले नाही. जीर्णोद्धाराचे शास्त्रच याच समजुतीवर उभे आहे. दगड बदलतो, तुळई बदलते, परंतु पूजा खंडित होऊ द्यावयाची नाही. कायद्यानेही याच दिशेने पाऊल टाकले. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने बंगालमधील मलिक कुटुंबाच्या वादात देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे हे मान्य केले, आणि तिला कोठे ठेवावे याचा विचार करताना तिचे हितही पाहिले पाहिजे, असे सांगितले. म्हणजे सातत्य शोधावयाचे ते दगडविटांच्या मोजणीत नव्हे, तर सांभाळ करणाऱ्यांच्या अखंड निष्ठेत.

चाकूचेही तसेच. मूळचे पाते, मूळची कमान आणि मूळची मूठ असूनही जो वर्षानुवर्षे फडताळात पडून गंजाने मिटूनच बसला, त्याचा एकही भाग बदललेला नाही. पण तो आता उघडत नाही, कापत नाही, म्हणून तो चाकूही राहिलेला नाही. उलट ज्याचा भाग न् भाग कोणी काळजीने बदलीत आला, तो टिकला. वारशाने आलेली वस्तू जशीच्या तशी कुलपात ठेवणे सोपे आहे. तिची धार पुढच्या पिढीच्या हाती देणे कठीण. मालकीचा खरा दाखला मात्र त्याच कष्टात असतो.