घटसर्पाच्या विषाचा नवा पत्ता

1999 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कॅन्सरवरच्या एका विलक्षण औषधाला मान्यता दिली. नाव डेनिल्युकिन डिफ्टिटॉक्स. आजार त्वचेतल्या टी-पेशींचा लिम्फोमा. या औषधाच्या रेणूचा मोठा हिस्सा घटसर्पाच्या जंतूच्या विषाचा आहे आणि शेपूट माणसाचं. पिढ्यान्‌पिढ्या लहान मुलांचे जीव घेणारं विष कॅन्सरच्या रुग्णाच्या शिरेत सोडायचं, ही कल्पना कुणा एकाला एका दिवशी सुचलेली नाही. ती शंभर वर्षं घडत गेली आणि घडवणाऱ्यांपैकी बहुतेकांसमोर कॅन्सर नव्हताच.

1884 मध्ये फ्रीडरिश लोफ्लरने बर्लिनमध्ये घटसर्पाचा जंतू वेगळा वाढवला, तेव्हा त्याला एक गोष्ट खटकली. जंतू घशातल्या पडद्यापाशीच सापडत होते, इजा मात्र त्यांच्यापासून दूरच्या अवयवांना झालेली दिसे. म्हणजे जंतू जागेवर बसून काहीतरी सोडत असला पाहिजे. चार वर्षांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एमिल रू आणि अलेक्झांडर येर्सिन यांनी जंतूंचा रस्सा चिनीमातीच्या गाळणीतून गाळला. गाळलेल्या पाण्यात एकही जंतू उरला नव्हता, तरी ते टोचलेले प्राणी मेले. मग बेरिंगचा प्रतिविषाचा शोध, त्याबद्दल 1901 चं नोबेल, आणि पुढे गास्तों रामोंने फॉर्मालिनने निष्प्रभ केलेलं विष. आपल्याकडच्या त्रिगुणी लसीतला घटसर्पाचा भाग तो हाच.

लस आली आणि वैद्यकाच्या दृष्टीने विषय जवळपास मिटला. विष मारतं कसं, हे कोडं मात्र तसंच राहिलं, आणि काही हट्टी माणसांनी ते सोडलं नाही म्हणून पुढचं सगळं घडलं. 1951 मध्ये व्हिक्टर फ्रीमनने दाखवलं की निरुपद्रवी जंतूलाही एका विषाणूची लागण झाली की तो विषारी होतो. विषाचा जनुक मुळात जंतूचा नसून त्या विषाणूचा आहे. 1959 मध्ये स्ट्रॉस आणि हेंडी यांनी हे विष हेला पेशींवर टाकलं. या पेशी हेनरिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून आलेल्या. त्यांच्यात प्रथिनं बनणं बंद पडलं. 1968 मध्ये जपानमध्ये तासुकू होन्जो आणि सहकाऱ्यांनी नेमकी क्रिया पकडली: प्रथिनांची साखळी पुढे सरकवणाऱ्या एका मदतनीस प्रथिनाला हे विष एक रासायनिक तुकडा चिकटवतं आणि ते कायमचं निकामी करतं. स्वतः मात्र शाबूत राहून पुढच्याकडे वळतं.

याचा अर्थ किती भयंकर आहे, ते 1978 मध्ये ओसाकात दिसलं. यामाइझुमी, मेकादा, उचिदा आणि ओकादा यांनी तांबड्या रक्तपेशींची रिकामी कवचं घेतली, त्यांत विषाचा फक्त मारणारा तुकडा अत्यल्प प्रमाणात भरला आणि विषाणूच्या मदतीने ती कवचं उंदराच्या पेशींशी जोडून टाकली. एरवी उंदराच्या पेशींना हे विष बाहेरून बाधत नाही, कारण त्याला आत घेणारी कडीच त्यांच्याकडे नसते. पण तुकडा आत पोचल्यावर एक पेशी मारायला त्याचा एक रेणू पुरला. माझ्या मते या सगळ्या वंशावळीतला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग हाच. मारण्याची ताकद आणि आत शिरण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने नि:संशय दाखवलं.

हार्वर्डमध्ये पॅपेनहायमर आणि उचिदा यांनी विषाची बिघडलेली रूपं आधीच वेगळी केली होती. त्यातल्या एकाचं टोक तुटलेलं होतं. मारणारा भाग धड, पण पेशीला चिकटता येत नव्हतं. दुसऱ्या एका रूपात एकच अमिनो आम्ल बदललेलं होतं आणि मारण्याची ताकद गेली होती. ते आज न्यूमोकॉकल लसीत वाहक म्हणून वापरतात. विषाचे तीन भाग असल्याचं हळूहळू स्पष्ट झालं: एक मारतो, एक पेशीच्या आतल्या पडद्यातून वाट काढून देतो, एक पत्ता शोधतो.

बोस्टनमधल्या जॉन मर्फी यांच्या गटाने 1980 च्या दशकात तो पत्ताच बदलला. विषाच्या जनुकातला पत्त्याचा भाग काढला, तिथे टी-पेशींना वाढीचा निरोप देणाऱ्या इंटरल्यूकिन-2 या प्रथिनाचा जनुक जोडला आणि तो जोडजनुक ई. कोलाय जंतूंकडून वाचून घेतला. हा रेणू इंटरल्यूकिन-2 ची ग्राहकं असलेल्या पेशीला चिकटतो. पेशी त्याला पोटात घेते, तिथलं आम्ल वाढलं की मधला भाग वाट पाडतो आणि मारणारा तुकडा आत सरकतो. नवी प्रथिनं थांबतात. पेशीला आत्मनाशापासून रोखणारी प्रथिनं अल्पजीवी असतात, ती आधी संपतात, आणि पेशी स्वतःच स्वतःला मोडून टाकते.

औषध चमत्कार ठरलं नाही. मान्यतेमागच्या 71 रुग्णांच्या चाचणीत सुमारे 30 टक्क्यांना प्रतिसाद मिळाला. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब कोसळण्याचा धोका गंभीर होता. शिवाय घटसर्पाची लस घेतलेल्या शरीरात या विषाविरुद्धची प्रतिपिंडं आधीच असू शकतात आणि ती औषधाला अडवतात. लसीने लाखो मुलं वाचवली. तिचीच आठवण इथे आड येते. उत्पादनाच्या अडचणींमुळे 2014 मध्ये औषध बाजारातून गेलं. शुद्धीकरण सुधारून ऑगस्ट 2024 मध्ये ते नव्या नावाने परत आलं. दरम्यान 2018 मध्ये त्याच विषाला इंटरल्यूकिन-3 चा पत्ता जोडलेलं टाग्राक्सोफस्प एका दुर्मिळ रक्तकॅन्सरसाठी मंजूर झालं.

 पुढे 1992 मध्ये याच होन्जो यांच्या क्योटोतल्या प्रयोगशाळेने टी-पेशींवरचा पीडी-1 हा लगाम शोधला आणि 2018 मध्ये त्याबद्दल नोबेल मिळालं. पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध त्याच लगामावर काम करतं. पिट्सबर्गमध्ये आता घन गाठींच्या रुग्णांत ते डेनिल्युकिनसोबत तपासलं गेलं आहे: डेनिल्युकिन कॅन्सरला पाठीशी घालणाऱ्या नियामक टी-पेशी कमी करण्यासाठी, पेम्ब्रोलिझुमॅब उरलेल्यांना मोकळं करण्यासाठी.