पोर्टेबल म्युझिक प्लेअर : विक्रीतील रूप आणि फीचर

पोर्टेबल म्युझिक प्लेअर : सोबत बाळगून गाणी ऐकण्याचे साधन. ट्रान्झिस्टर, कॅसेटचा वॉकमन, एमपी-३ प्लेअर, गाणी वाजवणारा मोबाइल आणि आधीच गाणी भरून विकला जाणारा रेडिओसारखा संच हे त्याचे मुख्य प्रकार. हे साधन विकताना कंपन्या एकतर फीचरांची यादी पुढे करतात, नाहीतर वस्तूचे रूप. रूपाला भुलणारा ग्राहक भोळा आणि यादी वाचणारा शहाणा, ही समजूत रूढ असली तरी बाजाराचा अनुभव तिला दुजोरा देत नाही. वस्तू कोणी, कुठे, कशी वापरायची हे रूप एका नजरेत सांगते. मात्र त्या वापराला लागणारे फीचर भक्कम असेल तरच रूपाचा टिकाव लागतो.

१ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये आलेला सोनीचा वॉकमन पत्रकारांसाठीच्या छोट्या टेपरेकॉर्डरवरून घडवलेला होता; त्यातून ध्वनिमुद्रणाची सोयच काढून टाकली होती. यादीच्या हिशेबाने वस्तू उणी झाली, पण चालता-फिरता ऐकण्यासाठी ती नेमकी ठरली. ॲपलचा आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ रोजी जाहीर झाला तेव्हा त्याची क्षमता ५ जीबी आणि किंमत ३९९ डॉलर होती. आदल्या वर्षीच्या क्रिएटिव्ह नोमॅड ज्यूकबॉक्सची क्षमता ६ जीबी होती, शिवाय त्यात ध्वनिमुद्रणही होते. पण तो सीडी-प्लेअरएवढा होता आणि त्याच्या जुन्या यूएसबी जोडणीतून गाणी भरायला फार वेळ लागे. आयपॉड खिशात मावत होता, फायरवायर जोडणीमुळे झटपट भरत होता आणि चक्रावर बोट फिरवले की हजार गाण्यांतून हवे ते सापडत होते. म्हणजे जे ‘स्टाइल’ म्हणून गाजले, त्याच्या पोटात तीन ठोस सोयी होत्या.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सारे जाहिरातीच्या पैशाचे यश. पण पैसा मायक्रोसॉफ्टकडेही होता. २००६ मधल्या त्यांच्या झून प्लेअरमध्ये एफएम होते आणि वायफायवरून दुसऱ्या झूनला गाणे पाठवता येई. मात्र पाठवलेले गाणे तीन दिवसांत किंवा तीनदा वाजवून संपे, आणि घेणाऱ्याकडेही झूनच लागे. यादीत फीचर होते, पण ते वापरण्याचा प्रसंग क्वचितच येई. झून फार काळ तगला नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : रूपाचे कौतुक भरल्या खिशाला; कामगार उपनगरात यादीच जिंकते. भांडुपसारख्या कारखान्यांभोवती वाढलेल्या उपनगराकडे पाहिले तर यात बरेच तथ्य दिसते. मुंबईत २००२ पासून खासगी एफएम केंद्रे सुरू झाली, पण आयपॉड नॅनोत एफएम यायला २००९ उजाडले. तोवर स्वस्त मोबाइलमध्ये एफएम, मेमरी कार्ड, टॉर्च, दोन सिमकार्डे आणि मोठा स्पीकर एकत्र येऊन बसले होते. लोकलच्या गर्दीत इअरफोनची वायरच एफएमची अँटेना होई, आणि घरी दहा बाय दहाच्या खोलीत तोच फोन साऱ्या घराचा रेडिओ होई. स्टेशनाबाहेरच्या दुकानात कार्डात गाणी भरून मिळत. त्यांतली बहुतेक बिनपरवाना असत. तरीही या फोनांना रूप नव्हते असे म्हणता येत नाही. मागच्या बाजूला ठळक दिसणारी स्पीकरची जाळी ‘आवाज मोठा आहे’ हे गिऱ्हाइकाला डबा उघडण्याआधीच सांगत होती. एकाच वस्तूने सारी कामे करावीत ही तिथली गरज होती, आणि रूपही तिलाच धरून होते.

सारेगामाचा कारवां हे याचे उलट टोक. पूर्वी एचएमव्ही या नावाने घरोघरी ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीने २०१७ मध्ये ५,००० जुनी हिंदी गाणी भरलेला संच सुमारे सहा हजार रुपयांना बाजारात आणला. पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. त्याचे रूप जुन्या रेडिओचे आहे. भांडुपहून तीन स्टेशनांवरच्या ठाण्यात मर्फीचे रेडिओ तयार होत. त्या काळात वाढलेल्या पिढीला गोल बटण पिळले की गाणे लागते, हे शिकवावे लागत नाही. जाहिरात मात्र मुलांना उद्देशून होती : आईवडिलांना भेट द्या. ‘हीच गाणी मोबाइलवर फुकट मिळतात’ ही टीका यादीपुरती खरी आहे. पण शोधणे, निवडणे, नेट संपणे या कटकटी नसणे हेच कारवांचे मुख्य फीचर, आणि तो जुना आकार त्याचीच ग्वाही देतो. दुकानात भरून घेतलेल्या कार्डानेही निवडीचा हाच व्याप वाचवला होता. कारवांने तो हक्काच्या गाण्यांतून आणि भेट म्हणून देता येईल अशा वेष्टनात वाचवला.

मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉड बंद करत असल्याचे जाहीर केले. त्याचे काम फोनने कधीच उचलले होते. ज्या वस्तूला सगळेच येते तिच्याशी यादीच्या बळावर स्पर्धा करणे वेगळ्या प्लेअरला आता परवडणारे नाही. कोणते एक काम, कोणासाठी, हे ठरवून बाकीचे सोडून देणे आणि तो निर्णय आकारातून दाखवणे, एवढीच जागा त्याला उरली आहे.